आल्डनच्या खिशातली पाच काडतुसं

डॅग्नी होव्हच्या उजव्या हाताची तीन बोटं पहिल्या पेरापाशी वाकडी होती. लोकांना वाटे संधिवात. संधिवात नव्हे, बाप. ती नऊ वर्षांची असल्यापासून गुन्नार तिला गॅरेजमधल्या, काडतुसं पुन्हा भरायच्या प्रेससमोर स्टुलावर उभं करी आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मापावर आणायला लावी. एखादी बिघडली की प्रेसचा लोखंडी दांडा तिच्या बोटांवर आणी. "आता विसरायची नाहीस," म्हणे. ती विसरली नाही. सतराव्या वर्षी तिनं तोच दांडा उपसला आणि बापाच्या तोंडावर हाणला. नाक मोडलं. गुन्नारनं सिंकवर वाकून रक्त धुतलं, पिकपच्या आरशात नाक पाहिलं आणि म्हणाला, "बस. तुला आता सगळं येतं." पुन्हा त्यानं तिला हात लावला नाही. लग्नात आहेर म्हणून ती प्रेसच दिली, कामाच्या उंच पाटासकट.

त्या पाटावर डॅग्नीनं चाळीस वर्षं काढली. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचे बटाटे आणि खिम्याचा मीटलोफ, दुपारनंतर गॅरेज. स्किनर खोऱ्यातली निम्मी शिकार तिच्या हातच्या काडतुसांवर होई. मोंटानात असं एखादं गॅरेज प्रत्येक खोऱ्यात असतं, पण तिच्याइतकं कटकटं दुसरं नव्हतं.

कटकटीला कारण होतं. मॅग्नमची, म्हणजे जादा जोराच्या काडतुसाची, पुंगळी साधी नसते. बुडाशी पितळेचाच एक उंच पट्टा असतो, कंबरपट्ट्यासारखा. गोळी सुटली की पुंगळी फुगते आणि त्या रायफलीत काडतूस बसतं त्या घराच्या आकाराची होऊन बसते. पुन्हा भरायची तर साच्यात दाबून मापावर आणायची. पण साचा पट्ट्यापाशी अडतो. पट्ट्याच्या लगेच वरची अरुंद पट्टी फुगलेली ती फुगलेलीच राहते. डोळ्यांना काही दिसत नाही. ज्या रायफलीत ती फुगली तिच्यात निमूट जाते. दुसरीत, घर जरा घट्ट असलं, की अर्ध्यावर जाऊन रुतते.

म्हणून डॅग्नीचा नियम: प्रत्येक रायफलचा डबा वेगळा, आणि भरलेलं प्रत्येक काडतूस देण्याआधी त्याच रायफलीत, बार उडवणारी आतली सुई काढून, घालून बघायचं. काडतूस आत ढकलणारा मागचा बोल्ट बंद झाला तर डब्यात, नाही तर भंगारात. माणसं वैतागत. "डॅग, लग्न ठरवतेस की काय, पत्रिका जुळवून?" असं विचारत. ती सगळ्यांना आणखी एक गोष्ट सांगे, प्रत्येकाला दोनदा: रुतलंच कधी, तर रायफलचं बूड जमिनीला टेकवायचं आणि बोल्टच्या दांड्यावर बुटाची टाच हाणायची. हातानं ओढत बसायचं नाही. टाच.

तिच्या नवऱ्याची, आल्डनची, रायफल तीनशे मॅग्नम. धाकट्या दिराची, रॉइसची, तीच. आल्डनच्या रायफलीचं घर घट्ट, नव्या बुटासारखं. रॉइसची जुनी आणि ढिली. तिच्यातून निघालेली पुंगळी इतकी फुगलेली असे की डॅग्नी म्हणे, "ही गाभण आहे रे."

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, शिकारीचा हंगाम उघडायच्या आठवड्यात, रॉइसनं आल्डनचा कुत्रा मारला.

जिग्ज बारा वर्षांचा होता, एका कानानं बहिरा. तो रॉइसच्या वासरांमागे लागला. रॉइसनं त्याला कुंपणापाशी गाठलं, गोळी घातली आणि गळपट्ट्याला धरून फरफटत आणून आल्डनच्या पिकपच्या मागच्या फळीवर टाकला. वर निरोप ठेवला नाही. गुरुवारी दुपारी स्वतःच आला, आपली काडतुसं न्यायला, जणू काही झालंच नव्हतं.

डॅग्नी पाटाशी होती. पुढ्यात दोन ट्रे, वीस पुंगळ्या आल्डनच्या, वीस रॉइसच्या. साच्यातून काढून झाल्या होत्या, दारू भरायची राहिली होती. घासणीच्या यंत्रात बुडावरच्या, कुठली कुणाची ते सांगणाऱ्या शाईच्या खुणा पुसल्या गेलेल्या. आता त्या नव्यानं करायच्या होत्या.

"झाली का गं माझी?" रॉइसनं विचारलं.

"बाहेर जा," डॅग्नी म्हणाली. "तो मागे खड्डा खणतोय. फावडं हातात आहे त्याच्या."

"म्हाताऱ्या कुत्र्यासाठी? मी त्याच्यावर उपकार केले. ते आल्डनला स्वतःला जमलं नसतं."

आल्डन मागच्या दारात उभाच होता. फावडं त्यानं बाहेर टाकलं, ते बरं केलं, नाहीतर रॉइसचं डोकं तिथंच फुटलं असतं. तो सरळ आला आणि भावाच्या घशावर हात घालून त्याला पाटावर आपटलं. रॉइसनं गुडघा मारला. आल्डननं त्याचं डोकं पाटावरच्या व्हाइस-शिकंज्याच्या लोखंडावर दोनदा आदळलं, कान फाटला. रॉइसच्या हाताला हातोडी लागली; ती आल्डनच्या बरगडीवर बसली आणि आतून काहीतरी कट् वाजलेलं डॅग्नीलाही ऐकू आलं. पाट कलंडला. दोन्ही ट्रे गेले. चाळीस पुंगळ्या सिमेंटवर खणखणत सगळीकडे पांगल्या.

"ते पितळ!" डॅग्नी ओरडली. "अरे गाढवांनो, ते पितळ!"

तिनं बादलीतलं साबणाचं पाणी दोघांच्या अंगावर ओतलं. ते थांबले, दमले म्हणून. रॉइस कान धरून दाराशी गेला.

"रविवारी साडेपाचला," तो म्हणाला. "खेचरं मी आणतो."

आणि आल्डन, बरगडी दाबत, म्हणाला, "बरं."

हे बाहेरच्याला कळायचं नाही. होव्ह भाऊ हंगामाचा पहिला रविवार दहाव्या वर्षापासून एकत्र काढत होते. खेचरं रॉइसकडे, वाटा आल्डनला ठाऊक, सांबराच्या जातीचा सव्वातीनशे किलोचा एल्क एकट्यानं डोंगरावरून उतरत नाही. गेले नाहीत तर खोऱ्यात सगळ्यांना समजलं असतं की होव्हांचं मोडलं. त्यापेक्षा त्यांना एकमेकांच्या पाठीला रायफल लावून चालणं सोपं वाटलं.

आल्डननं त्याच दुपारी रायफल उचलली आणि वरच्या गुराख्यांच्या खोपीत राहायला निघून गेला.

डॅग्नीनं गुडघ्यावर बसून पुंगळ्या गोळा केल्या. चाळीस भरल्या. आता त्या निवडायच्या. जाडी मोजायचा कॅलिपर खणात होता. दुसऱ्या कुणी हाच घोळ आणला असता तर तिनं त्याला कॅलिपर हातात देऊन एकेक मोजायला बसवलं असतं. पण दुसऱ्याला कॅलिपर, तिला नख. चाळीस वर्षं ती अंगठ्याचं नख पट्ट्याच्या वर फिरवून फुगवटा सांगत आली होती आणि चुकली नव्हती. तिनं नखानं निवडल्या: वीस इकडे, वीस तिकडे. हिशोब बरोबर आला. तिनं खुणा केल्या, भरल्या, डबे बंद केले. रॉइसची त्याला नेऊन दिली. आल्डनची घालून बघायला आल्डनची रायफल घरात नव्हती.

शनिवारी दुपारी आल्डन पाय न पुसताच आला आणि डब्यातली पाच काडतुसं खिशात टाकू लागला.

"रायफल दे इकडे. घालून बघते."

"गाडीत बांधलीय."

"मग सोड. दहा मिनिटांचं काम."

"डॅग्नी, मला वाकता येत नाही, श्वास घेता येत नाही, आणि उद्या मला त्या भडव्याच्या मागे चालायचंय. पुरे तुझी परीक्षा. तू भरलीत ना? मग झालं."

'तू भरलीत ना' हे तिला गोड लागलं. तिनं जाऊ दिलं.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला ती गॅरेज झाडत होती. मांसाच्या फ्रीजखाली केरसुणी घातली तर एक पुंगळी घरंगळत बाहेर आली. ती उभीच राहिली. चाळीस मोजल्या होत्या ना? मोजल्या होत्या. मग ही एकेचाळिसावी कुठली?

पाटाखालच्या भंगाराच्या डब्याचं झाकण निघालेलं तिला आता दिसलं. मारामारीत तोही लवंडला होता. त्यात रॉइसची जुनी, टाकून दिलेली एक पुंगळी होती. ती आता डब्यात नव्हती.

तिनं कॅलिपर काढला. फ्रीजखालची पुंगळी मोजली. आल्डनची. म्हणजे आल्डनच्या विसातली एक फ्रीजखाली होती, आणि तिच्या जागी रॉइसची टाकाऊ एक बसली होती. डब्यात उरलेली पंधरा काडतुसं तिनं एकेक मोजली. पंधराही नीट.

मग ती आल्डनच्या खिशात होती. पाचांतली एक.

तिनं ॲप्रनही काढला नाही. भिंतीवरची आपली हरणं मारायची तीस-तीस रायफल उतरवली, मूठभर गोळ्या ॲप्रनच्या खिशात टाकल्या आणि पिकप काढला.

डोंगराच्या पायथ्याला खेचरांची गाडी उभी होती. ठसे ताजे होते. ती चढू लागली. त्रेसष्ट वर्षांची बाई, शाळेत घालायचे रबरी बूट. भाऊ दरवर्षी जात ते मेल्या घोड्याचं कुरण दीड तासाच्या वाटेवर, ती तासात पोचली, आणि वाटेत तिला एक गोळी ऐकू आली. एकच. तीनशे मॅग्नमचा आवाज ती झोपेतही ओळखे. ते आल्डनचं असलं तर एक गेलं, चार उरली, तिनं मोजलं. मग बराच वेळ काही नाही. एल्क पडला असणार, आता पोट फाडत असतील. आणि त्या खोऱ्यातली अस्वलं रायफलच्या आवाजाकडे येतात, जेवणाची घंटा झाल्यासारखी.

किंकाळी आली तेव्हा ती कुरणाच्या कडेला होती.

एल्क आडवा पडला होता, आतडी बाहेर, वाफ निघत होती. दोन्ही खेचरं दोर तोडून पळाली होती. रॉइसची रायफल झाडाला टेकवलेली. अस्वलानं रॉइसला पालथा घातला होता आणि त्याच्या पाठीवर पुढचे दोन्ही पाय देऊन ते त्याचा खांदा उचकटत होतं. रॉइसच्या डोक्याची कातडी मागून कपाळापर्यंत उलटून आली होती. एक हात कोपरापाशी नको त्या बाजूला वळला होता. तो ओरडत होता, "आल्डन! मार! अरे मार ना!"

आल्डन पंधरा पावलांवर उभा होता. रायफल कमरेशी, बोल्ट अर्धवट, हात बोल्टवर.

डॅग्नी धावत दहा पावलांवर गेली. डोक्यात मारली असती तर गोळी रॉइसलाच लागली असती. तिनं बरगडीत, पुढच्या पायामागे मारली. अस्वल हललं, रॉइसचा खांदा सोडून वळलं. तोंडभर रक्त, त्याचं आणि रॉइसचं. दुसरी छातीत. ते तिच्याकडे निघालं. तिसरी जबड्यात, दात उडाले. तरी आलं. चौथी तिनं इतक्या जवळून मारली की नळीच्या तोंडाशी अस्वलाचे केस जळले, आणि पाच मण मांस तिच्या बुटांपाशी येऊन पडलं. पंजा अजून माती उकरत होता. तिनं पाचवी कानात घातली. मग ॲप्रन सोडून रॉइसच्या डोक्याला आवळून बांधला. तो रक्तातून एकटक भावाकडे बघत होता.

"उभा राहिला," तो म्हणाला. "तू बघितलंस ना, डॅग? नुसता उभा राहिला."

डॅग्नीनं आल्डनच्या हातातून रायफल घेतली. बूड जमिनीला टेकवलं आणि बोल्टवर टाच हाणली. पहिल्याच टाचेला बोल्ट सुटला. काडतूस गवतात पडलं. तिनं ते उचलून खिशात टाकलं.

रॉइस जगला. एक डोळा गेला, उजवा हात कामातून गेला, डोक्यावर मांडीची कातडी लावली. बोलता आलं तसं त्यानं बोलायला सुरुवात केली. शिकार खात्याचा वॉर्डन प्रुइट मेलेल्या अस्वलाची चौकशी करायला दवाखान्यात गेला, तर रॉइसनं त्याला अस्वलाचं राहू दे म्हणून भावाचं सांगितलं: कुत्र्याचा सूड. बोल्टवर हात ठेवून बघत उभा राहिला. महिन्याभरात सबंध खोऱ्याला ते पाठ झालं. पेंडीच्या दुकानात आल्डन कॉफी घ्यायला गेला की बाकं रिकामी होत. कुणीतरी पिकपच्या आरशाला कुत्र्याचा गळपट्टा टांगला. प्रुइटनं आल्डनला दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा वकील घेऊन ये म्हणाला.

आल्डन एवढंच म्हणे, "रुतलं होतं." कुणाला ते खरं वाटलं नाही. डॅग्नीचं काडतूस रुततं?

एवढंच तर होतं. तिचं नाव टिकवायचं तर नवरा खुनी ठरत होता. नवऱ्याला सोडवायचं तर तिला खोऱ्यासमोर सांगायला हवं होतं की तिनं कॅलिपर खणात ठेवला, नखावर भरवसा ठेवला आणि न तपासलेलं काडतूस माणसाच्या खिशात जाऊ दिलं.

रॉइस घरी आल्यावर तिनं प्रुइटला बरोबर घेतलं, आल्डनला घेतलं, दोन्ही रायफली घेतल्या आणि रॉइसच्या स्वयंपाकघरात गेली. रॉइस टेबलाशी बसला होता, पुढ्यात कॉफीचा मग.

"ह्याला माझ्या घरात का आणलंस?" तो म्हणाला.

"गप्प बस आणि एक हात तर आहे ना, तो चालव." तिनं ते काडतूस टेबलावर ठेवलं. "हे ह्याच्या रायफलीतून निघालं. गोळी आणि दारू काढलीय, सुया दोन्हींच्या काढल्यात. प्रुइट, तपासा." प्रुइटनं तपासलं. "आता रॉइस, तुझ्या रायफलीत घाल."

रॉइसनं डाव्या हातानं घातलं. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला.

"आता त्याच्यात."

अर्ध्यावर अडला. रॉइसनं दाबलं, दात आवळले. नाहीच.

"बरोबर," डॅग्नी म्हणाली. "कारण पुंगळी तुझी आहे. माझ्या हातून त्याच्या डब्यात गेली. कॅलिपर काढायचा कंटाळा केला मी, आणि घालूनही बघितली नाही. प्रुइट, लिहून घ्या, मी सही करते."

रॉइस तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिला. "म्हणजे हे तू केलंस."

"मी केलं."

त्यानं कॉफीचा मग तिच्या तोंडावर फेकून मारला. ओठ फाटला, पुढचा दात हलला. प्रुइट उठला. डॅग्नीनं त्याला हातानंच खाली बसवलं, रॉइसच्या टॉवेलला ओठ पुसला आणि कागदावर सही केली. सहीवर रक्ताचा ठिपका पडला. प्रुइटनं तो पुसला नाही.

आठवड्याभरात अकरा माणसं आपले डबे परत घेऊन गेली. काहीजण दाराशी आलेही नाहीत, बायकांना पाठवलं.

त्या दिवशी रॉइसकडून परत येताना आल्डन गाडी चालवत होता. अर्ध्या वाटेवर डॅग्नी म्हणाली, "गाडी थांबव."

त्यानं थांबवली.

"टाच का नाही मारलीस?"

आल्डननं इंजिन बंद केलं.

"पहिल्या टाचेला सुटलं ते. चाळीस वर्षं सांगतेय तुला. विसरलास म्हण, मी ऐकते."

आल्डननं चाकावरचे हात खाली घेतले. "विसरलो नाही," तो म्हणाला. "पाय उचलला होता. मग वाटलं, जिग्जला ह्यानं कुंपणापासून फरफटत आणला. थोडं ह्यालाही फरफटू दे. थोडंच. मी मोजत होतो. तीन म्हणायचं नि मारायची टाच. दोनवर तू आलीस."

"दोन म्हणजे किती?"

"माहीत नाही."

"त्याचा डोळा गेला तेवढा वेळ?"

आल्डननं गाडी पुन्हा सुरू केली.

घरी आल्यावर ती सरळ गॅरेजात गेली. आल्डनचा डबा घेतला. पंधराही काडतुसांच्या गोळ्या उपटल्या, दारू बाटलीत परत ओतली, बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोप्या काढल्या, आणि एकेक पुंगळी व्हाइसमध्ये घालून दांडा फिरवत चपटी करत गेली. पितळ करकरत मुडपत होतं. आल्डन दारात आला.

"त्या चांगल्या होत्या."

"होत्या." तिनं पुढची घातली. "माझं मी सांगून आले, ओठ फोडून घेतला. तुझं तू सांग. आणि प्रुइटला नव्हे."

आठ पुंगळ्या झाल्या तोवर तो दारातच होता. मग पिकप सुरू झाला आणि खालच्या वाटेनं, रॉइसच्या घराकडे, गेल्याचं तिला ऐकू आलं.

तासाभरानं तो परत आला तेव्हा त्याचं नाक बाजूला झालं होतं, एक डोळा बंद, शर्ट छातीपर्यंत लाल. रॉइसचा एकच हात चालत होता, पण चुलीतली सळई त्या हाताच्या जवळ होती. डॅग्नीनं त्याला स्टुलावर बसवलं, ओलं फडकं दिलं, दोन्ही अंगठे नाकाला लावून ते एका झटक्यात सरळ केलं. तो गुरासारखा ओरडला.

"काय म्हणाला?" तिनं विचारलं.

आल्डन फडक्यात थुंकला. "मारून झाल्यावर रडला. म्हणाला, जिग्ज चांगला कुत्रा होता."

डॅग्नीनं आल्डनच्या रिकाम्या डब्यावरचं नाव अंगठ्याच्या नखानं खरवडून काढलं. मग खणातला कॅलिपर बाहेर काढला आणि प्रेसच्या शेजारी, हाताला लागेल असा, ठेवला.